एक सैतान जास्त

श्रोतेहो, नमस्कार.

किस्सा सुमारे चारशे वर्षांपूर्वीचा आहे. गाव इंग्लंडमधलं एक्झेटर. नाटक ख्रिस्तोफर मार्लोचं, 'डॉक्टर फॉस्टस'. विद्येच्या आणि सत्तेच्या लोभानं सैतानाला आत्मा विकणारा पंडित, एवढं कथानक लक्षात असू द्या.

तर रंगमंचावर फॉस्टस मंत्र म्हणतोय. सैतानाची कामं करणारे नट आपापल्या रिंगणात उभे. हे सैतान कसे असत, ते 1620 साली एकानं लंडनच्या प्रयोगाबद्दल लिहून ठेवलंय: अंगभर झिपऱ्या, तोंडात पेटते फटाके, आणि गडगडाटासाठी आत ढोल. असे ते सैतान, आणि मंत्र अगदी रंगात आलेला. तेवढ्यात एक नट दुसऱ्याच्या कानाला लागला, दुसरा तिसऱ्याच्या. कुजबुज सगळीकडे फिरली. आपल्यात एक सैतान जास्त आहे! ऐकलंत ना? नेमलेले होते त्यापेक्षा एक जास्त!

खेळ थांबला. थोड्या वेळानं नटांनी प्रेक्षकांची माफी मागितली, यापुढे आमच्यानं होणार नाही म्हणाले. लोकांना काय ते कळलं. जो तो दाराकडे धावला, सगळ्यांच्या आधी बाहेर पडायला. (आपल्याकडे शेवटच्या प्रवेशातच पार्किंगकडे पळतात, तेव्हा मात्र मला फार वाईट वाटतं. तिथं सैतान नसतो, नट असतो. पडदा पडेपर्यंत बसावं.) आणि नटमंडळी? रोजची रीत मोडून त्यांनी रात्र वाचनात आणि प्रार्थनेत काढली, सकाळ होताच गाव सोडलं.

घाबरले यात नवल नाही. इंग्लंडमध्ये 1604 च्या कायद्यानं दुष्टात्म्याला आवाहन करण्याची शिक्षा होती मृत्युदंड. लंडनमध्ये फॉस्टस गाजवला तो एडवर्ड अ‍ॅलन यानं. छातीवर क्रूस आणि अंगात पाद्र्याचा पांढरा झगा घालून तो उभा राही.

पुढे लोकांनी जास्तीचा सैतान याच अ‍ॅलनच्या माथी मारला. म्हणे सात सैतानांत आठवा खरा निघाला, अ‍ॅलन हादरला, नवस बोलला आणि त्यातून लंडनजवळच्या डलिचची शाळा उभी राहिली. मला हे पटत नाही. एक्झेटरच्या हकिगतीत अ‍ॅलनचं नावच नाही. डलिचची जमीन त्यानं 1605 मध्ये घ्यायला सुरुवात केली, संस्थेला राजाची सनद मिळाली 1619 मध्ये. बारा गरीब मुलं शिकवायची, बारा निराधार वृद्ध सांभाळायचे. पैसा थिएटरचा होता, अस्वलांच्या झुंजींचाही होता. सैतानाचा नव्हता.

आणि अ‍ॅलनचं एक पत्र आहे, 1593 चं. लंडनमध्ये प्लेगची साथ, हा दौऱ्यावर. बायकोला लाडानं 'उंदरी' म्हणतो आणि लिहितो: घर स्वच्छ ठेव, रोज संध्याकाळी दारात पाणी टाक, खिडक्यांत भरपूर सताप ठेव. होय, आपल्या परसातला सताप! आणि माझे नारिंगी लोकरी मोजे चांगले काळे रंगवून ठेव, हिवाळ्यात घालीन.