शोधनिबंधाची वाट

(दृश्य : नागपुरात बर्डीवरून जाणारी मेट्रो. धंतोलीतली गल्ली, अरुंद जिना, लोखंडी कपाट.)

धंतोलीतल्या या दोन खोल्यांतून मराठीतलं एक संशोधनपर त्रैमासिक निघतं. अकोला, चंद्रपूर, गोंदियाहून टपालाने आलेले निबंध या कपाटात अजून जपून ठेवलेत. टाचण्या गंजल्यात. निबंध छापण्याजोगा आहे का, हे परीक्षक म्हणजे त्या विषयाचे जाणकार ठरवतात. कोणता निबंध कोणत्या परीक्षकाकडे गेला, ते या लाल कापडी रजिस्टरात लिहिलं जायचं. उत्तर आलं नाही तर फोन. वयाने मोठ्या सरांना पुन्हा पुन्हा विचारायचं, म्हणजे मोठा संकोच.

(दृश्य : संगणकाचा पडदा.)

आता ते रजिस्टर इथे आहे. ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस : निबंध दाखल होण्यापासून अंक निघेपर्यंतचं काम सांभाळणारी संगणक प्रणाली. जॉन विलिन्स्की यांनी १९९८ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पब्लिक नॉलेज प्रोजेक्ट सुरू केला, त्यातून ही प्रणाली तयार झाली. कुणीही ती फुकट उतरवून घ्यावी, आपल्या सर्व्हरवर बसवावी, हवी तशी बदलावी. याच कामाच्या स्कॉलरवन, एडिटोरियल मॅनेजर या प्रणालींना पैसे मोजावे लागतात. एडिटोरियल मॅनेजर बनवणारी कंपनी तर २०१८मध्ये एल्सव्हियर या बड्या प्रकाशकानेच विकत घेतली. निबंध जिथे दाखल होतो ती जागासुद्धा प्रकाशकाच्या मालकीची झाली. इथे ती संपादकांच्या ताब्यात आहे, आणि आमच्या मते हीच मोलाची गोष्ट.

(दृश्य : संपादक मॅडम फाइल उघडतात.)

सबमिशन म्हणजे दाखल करणं, रिव्ह्यू म्हणजे परीक्षण, कॉपीएडिटिंग म्हणजे मजकूर तपासणं, प्रॉडक्शन म्हणजे छापण्याजोगी मांडणी, अशा चार टप्प्यांतून निबंध पुढे सरकतो. परीक्षकाकडे पाठवण्याआधी मॅडम एक काम हाताने करतात. निबंध कुणाचा, हे परीक्षकाला कळू नये म्हणून लेखकाने पहिल्या पानावरून नाव काढलेलं असतं, पण वर्डच्या फाइलच्या माहितीत ते तसंच राहतं. बघा, इथे. ते पुसलं, तरच परीक्षण खऱ्या अर्थाने निनावी.

आणि हा परिच्छेद. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, म्हणून पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोड या सगळ्या संगणकांना कळणाऱ्या लिपीसंकेतात बदलला की रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं तुटतात. मग मॅडम ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द मूळ प्रतीशी ताडून बघतात. हे केलं नाही तर गूगलला हा निबंध सापडणारच नाही. मराठीतलं किती संशोधन असं जुन्या फाँटमध्ये अडकून पडलंय!

मुदत टळली की परीक्षकाला स्मरणपत्र आपोआप जातं. नकार द्यायचा तर तोही एका क्लिकवर देता येतो, आणि नकार लवकर कळला तर दुसरं नाव शोधता येतं.

(दृश्य : प्रकाशित अंकाचं पान.)

अंक निघाला की कुणालाही फुकट वाचता येतो, लेखकाकडूनही पैसे घेत नाहीत. पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापून देणारेही ओजेएस वापरतात. तिथे वाचक आणि लेखकांनीच सावध राहायचं.

सर्व्हरचं भाडं वर्गणीतून निघतं. बॅकअप घेणं, नवी आवृत्ती बसवणं हे काम एक माजी विद्यार्थी रविवारी येऊन करतो. पुढच्या अंकासाठी निबंध घेणं सुरू आहे.