सिम्प्लेक्स नंतर, आधी सांगा, कमी काय करायचंय?

नमस्कार मंडळी. ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे हाती असलेल्या साधनांत सर्वांत चांगला निर्णय गणिताने शोधायचं शास्त्र, भारतात कसा वाढला, हे विचारणाऱ्या कमेंट इतक्या आल्यात की आज बसलोच.

इतिहास पटकन. महायुद्धात ब्रिटनमध्ये बाळसं धरलं. आपल्याकडे 1949 साली हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत पहिला गट, 1953 पासून कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी देशाच्या नियोजनासाठी वापर, 1957 मध्ये ऑपरेशनल रिसर्च सोसायटी. परीक्षेला एवढं पुरे.

आता मला खरंच जे खुपतं ते. तुम्ही गणितं पाठवता, आणि पहिल्याच ओळीत सिम्प्लेक्सचा, म्हणजे पायरीपायरीने सर्वांत चांगलं उत्तर काढायच्या रीतीचा, तक्ता! कमी काय करायचंय, कोणासाठी, याचा पत्ता नाही.

गोव्यात रायबंदरच्या फेरीधक्क्यावर उभे राहा. समजा ठरवलं, बोट भरल्याशिवाय सोडायची नाही. डिझेल वाचलं, पण चोडणहून कॉलेजला निघालेली मुलगी पलीकडे ताटकळली. दर दहा मिनिटांनी सोडा, तिची बस मिळेल. बोट मात्र अर्धी रिकामी जाईल. दोन्ही उत्तरं गणिताने अचूक. बदललं ते उद्दिष्ट.

माझे काका खनिजाच्या बार्जवर होते. पावसाळ्यात आग्वादचा वाळूचा दांडा आणि खवळलेला दर्या यांमुळे मांडवी नदीचं मुख बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरी नदीत आणि तिथून मुरगाव बंदराला. हे झालं बंधन. ते दर्या घालतो. उद्दिष्ट माणसाने ठरवायचं असतं. या दोघांत गल्लत करू नका रे!

फोंड्याच्या एका ताईंनी विचारलंय, 'गरीब देशाला ही चैन परवडते का?' ताई, भांडवल तुटपुंजं असतं तिथे तर चुकीच्या जागी घातलेला रुपया जास्त महागात पडतो. 1956 च्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेपूर्वी महालनोबिसांनी आधी लक्ष्य लिहिलं: उत्पन्न वर्षाला 5 टक्क्यांनी वाढावं आणि 1.1 कोटी लोकांना काम मिळावं. मग 5,600 कोटींच्या गुंतवणुकीची वाटणी मांडली. यंत्र बनवणाऱ्या कारखान्यांत जास्त घातलं तर पुढे वाढ वेगाने होते, पण आजच्या घरात कापड कमी येतं. आजचं घर की उद्याचा कारखाना, हे कुठलाच तक्ता ठरवून देत नाही. त्या योजनेवर वाद झाले, व्हायलाच हवे होते. पण वाद घालता आला, कारण लक्ष्य कागदावर होतं.

म्हणून पुढचं गणित पाठवाल तेव्हा तक्त्याच्या वर साध्या मराठीत एक ओळ लिहा: काय कमी करतोय, कोणासाठी. ती ओळ असलेली गणितं मी आधी तपासणार.