आईची गिटार वाचताना

(इंदूरमध्ये दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. टेबलावर ठेवलेली ही गिटार माझ्या आईची. रामबागेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर ती तीसेक वर्षं जुन्या रजईत गुंडाळून पडली होती. आई गेल्यावर घर आवरताना आम्ही ती खाली काढली. तेव्हा मला वाद्यांतलं काही कळत नव्हतं. आता पंधरा वर्षं मी तंतुवाद्यं दुरुस्त करते आहे आणि या कामाकडे मी वळले ती हिच्या बाबतीत माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे.

तारा गंजलेल्या होत्या आणि इतक्या वर, की बाराव्या पडद्यापाशी त्यांच्याखालून अख्खी पेन्सिल आरपार जावी. नीट लावलेल्या गिटारला तिथे अडीच-तीन मिलिमीटर पुरतात. मी ती एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्यानं एक नजर टाकून सांगितलं, मान वाकली आहे, उतरवून पुन्हा बसवावी लागेल. आणि पॉलिशही करून देतो, नवीकोरी दिसेल. मी हो म्हटलं. आठवड्यानं गेले तर पाठ घासून तिच्यावर चकचकीत वार्निश मारलेलं. खुंट्या नव्या बसवलेल्या, जुन्या भंगारात गेलेल्या. मान आणि पुढची बाजू त्यानंतरच्या आठवड्यात व्हायची होती. मी गिटार उचलली आणि घरी घेऊन आले. का आणली ते त्या क्षणी मला सांगता आलं नसतं. ती आईची वाटेनाशी झाली होती, एवढं मात्र खरं.

मान वाकलेली नव्हतीच. घरी तारा सैल केल्या तशी खुंट्यांजवळची पट्टी, जिला आपण नट म्हणतो, ती सुटून माझ्या तळहातावर आली. लोखंडी होती आणि खालून पन्हळीसारखी पोकळ. तिच्याखाली हाडाची मूळ पट्टी जशीच्या तशी बसलेली, सहाही खाचा शाबूत. म्हणजे तारा उचलल्या जाव्यात म्हणून ही टोपी कुणीतरी मुद्दाम चढवली होती. ही हवाईयन पद्धतीनं वाजवायची गिटार होती. मांडीवर आडवी घ्यायची, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवरून सरकवायची आणि तार पडद्याला टेकू द्यायची नाही. पडदे फक्त खुणेपुरते. मग मी भिंग घेऊन एकेक पडदा पाहिला. एकावरही तारेचा चर नव्हता. बोटांनी दाबून वर्षानुवर्षं वाजवलेली गिटार असेल, तर पहिल्या तीन-चार पडद्यांवर तारांखाली खड्डे पडलेले दिसतातच.

हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तारेवर धातू सरकवून वाजवायची ही रीत निघाली. तिचं श्रेय जोसेफ केकुकू यांना देतात. १९४० च्या दशकात ताऊ मो हे हवाईयन वादक कलकत्त्यात राहून वाजवत आणि शिकवत होते. त्यानंतर व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांवरून सिनेमाच्या चाली या गिटारवर घरोघरी ऐकल्या गेल्या, आणि ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. आपल्या कानांना ती परकी वाटली नाही याचं कारण उघड आहे. कांडी सरकली की मींड निघते, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, आणि मींड तर आपल्या गळ्यातलीच आहे. साठच्या दशकात इंदुरातल्या रामबागेत एक मुलगी हे वाद्य मांडीवर घेऊन बसत होती, आणि ती माझी आई होती, हे मला एका लोखंडी पट्टीनं सांगितलं. आईनं कधीच सांगितलं नव्हतं.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. वडिलांची म्हणा, आईची म्हणा, जुनी गिटार हाती आली तर आधी ती वाचा. दुरुस्ती नंतर. ज्याला आपण बिघाड समजतो तो बऱ्याचदा पुरावा असतो आणि घासलेला पुरावा परत येत नाही. हिच्या पाठीवर काय होतं ते आता मला कधीच कळणार नाही.

वाचायला फार काही लागत नाही. एक टॉर्च आणि दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा. मधल्या गोल भोकातून आत पाहा. लेबल, शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेला आकडा, काहीही असू शकतं. मार्टिन या अमेरिकन कंपनीची गिटार असेल तर आतल्या ठोकळ्यावर क्रमांक असतो. १८९८ पासून हे क्रमांक ओळीनं चालत आलेले असल्यानं बहुतेक वेळा वर्ष नेमकं सांगता येतं. आपल्याकडच्या घरांत मात्र कलकत्त्याच्या गिटारीच जास्त निघतात. 'ताई, आमच्याकडे गिब्सन आहे', म्हणजे ती नामांकित अमेरिकन गिटार, असा फोन येतो आणि पाहायला जावं तर डोक्यावर 'गिवसन' लिहिलेलं असतं. ती कोलकात्याची. मी त्यांना सांगते, हिरमुसू नका, हिलाही वाचू या.

आईच्या गिटारमधलं लेबल अर्धं फाटलेलं आहे. उरलेल्या अर्ध्यावर लोअर चितपूर रोड, कलकत्ता-१ एवढं वाचता येतं. वाद्यांच्या दुकानांसाठी हा रस्ता प्रसिद्ध, आणि आज त्याचं नाव रवींद्र सरणी. आता तो शेवटचा '१' पाहा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी शहराच्या नावापुढे असा विभागाचा आकडा लिहीत. म्हणजे लेबल बहुधा त्याआधी छापलेलं. जुनी लेबलं दुकानात पडून राहतात, म्हणून एवढ्यावर शिक्कामोर्तब करायचं नाही. दुसरी खूण शोधायची. एखाद्या घरी पेटीत पावती मिळते. तिच्यावर आणे असतील तर ती नव्या पैशांच्या आधीची, म्हणजे एप्रिल १९५७ च्या आधीची असण्याचा संभव जास्त.

लाकडासाठी भोकाची कड पाहा. पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर लाकूड एकसंध. मध्येच आडवा थर दिसला तर प्लाय. हिचं पोट, म्हणजे पुढची फळी, प्लायचं आहे, बाजारात हिला फारशी किंमत नाही. पाठ गडद असली की लोक विचारतात, ब्राझिलियन रोझवूड का? तसं असेल तर परदेशी नेण्याआधी चौकशी करा, कारण १९९२ पासून त्या लाकडाच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. ब्राझीलनं ओंडके बाहेर पाठवणं थांबवलं तेव्हा, १९६९ च्या सुमारास, मार्टिननं आपल्याकडचं शिसव घेतलं. तेव्हापासूनच्या किती तरी नामांकित अमेरिकन गिटारींची पाठ आपल्या दक्षिणेतल्या जंगलातली आहे.

आता जपण्याविषयी. सहा पोलादी तारांचा ताण मिळून सत्तरेक किलो असतो. वाजवणारं कुणी नसेल तर तारा थोड्या उतरवून ठेवा, नाहीतर घोडीमागचं, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीमागचं, पोट फुगत जातं. घोडीखाली कागदाचा कपटा सरकवून पाहा. तो आत शिरला तर ती सुटायला लागली आहे. चिकटवायची ती सरसानं. सरस ऊब आणि ओलाव्यानं पुन्हा सुटतो, म्हणून पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. एपॉक्सी लावलात तर पुढच्या माणसाला लाकूड फोडावं लागेल. आपल्या माळव्यात मे महिना कोरडाठाक आणि जुलैत भिंतींना ओल. गिटारला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. ती मोजणारं छोटं यंत्र पेटीत ठेवा. आणि कृपा करून माळ्यावर, पत्र्याखाली ठेवू नका. घरातल्या माणसांना जी खोली सोसते, तीच तिलाही.

राहिली पुढची बाजू, जी वाचली. घोडीच्या मागे, वाजवणाऱ्याच्या अंगाकडच्या भागात, पॉलिशवर बारीक कमानदार चरे आहेत. पुढे आलात तर तिरप्या उजेडात दिसतील. वीस-पंचवीस तरी असतील, सगळे एकाच बाजूला वळलेले. नखांचे म्हणावेत तर फार लांब, आणि कांडी तर डाव्या हातात. बरेच महिने मला उलगडा होईना. शेवटी वाटलं, बांगड्या असतील. उजवं मनगट तिथेच टेकतं. पण तो माझा तर्क झाला.

मग राजेंद्रनगरच्या मावशींचा पत्ता लागला. त्या आणि आई एकाच बाईंकडे शिकायला जात. आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी गिटार घेऊन गेले. लोखंडी पट्टी पुन्हा चढवली होती, नव्या तारा लावल्या होत्या. चऱ्यांविषयी मी चकार शब्द काढला नव्हता. मावशींनी गिटार मांडीवर आडवी घेतली, कांडी हातात घेतली, आणि परत खाली ठेवली. मग उजव्या हातातल्या पाटल्या एकेक करून काढल्या, पदराच्या टोकात बांधल्या आणि म्हणाल्या, "तुझी आई काढायची नाही गं. बाई रोज रागवायच्या तिला."