गावात एक माणूस पुरे

(दृश्य: कोटाच्या कॉलरवर टाचलेला हिरवा तारा.)

एवढासा बिल्ला. रेल्वेच्या फलाटावर तो दिसला की बेधडक बोलायला लागायचं. समोरचा पोलिश असो की पोर्तुगीज. दोघांनीही ही भाषा पुस्तकातूनच शिकलेली. एस्पेरांतो.

१८८७ साली वॉर्सात झामेनहॉफ या डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वतः घडवलेल्या या भाषेची पहिली पुस्तिका काढली. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या बुलोनला पहिलं जागतिक संमेलन भरलं. सातशेच्या आसपास माणसं जमली, दुभाष्याविना बोलली आणि आपापल्या घरी गेली. पण पुढच्या संमेलनापर्यंत काय?

त्याचं उत्तर शोधलं विशीतल्या एका पोराने. हेक्टर होडलर, स्विस चित्रकार फर्डिनांड होडलर यांचा मुलगा. १९०८ मध्ये त्याच्या पुढाकाराने जागतिक एस्पेरांतो संघ उभा राहिला. देशोदेशीच्या संस्थांची मोट बांधणं सोपं होतं. होडलरने देशच बाजूला ठेवले आणि गाव धरलं. गावात एक माणूस: ‘देलेगीतो’, म्हणजे प्रतिनिधी. झाली शाखा! (आपल्याकडे अध्यक्ष कोण यावरूनच एका मंडळाची दोन होतात.)

(दृश्य: संघाच्या जुन्या वार्षिक पुस्तकाची पानं.)

या पुस्तकात गाव, नाव, पत्ता. परमुलखात जायचंय? तिथल्या देलेगीतोला पत्र टाका. उतरायचं कुठे, आपला माल तिथे खपेल का, तो कळवायचा.

पॅरिसचं संमेलन २ ऑगस्ट १९१४ ला सुरू व्हायचं होतं. साडेतीन हजारांहून जास्त नावं नोंदली होती. त्याच दिवशी फ्रान्सने सैन्याची जमवाजमव सुरू केली. संमेलन बारगळलं. पण संघाची कचेरी तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हात होती. शत्रुराष्ट्रांमध्ये अडकलेल्या नातलगांची पत्रं तिथून पुढे जाऊ लागली. जर्मनीतलं पत्र जिनिव्हामार्गे फ्रान्सला पोचायचं.

पुढे हेच पत्ते अंगाशी आले. स्टालिनच्या रशियात परदेशी पत्रव्यवहार म्हणजे हेरगिरीचा संशय. १९३७-३८ मध्ये कितीतरी एस्पेरांतो कार्यकर्ते पकडले गेले, अनेकांना गोळ्या घातल्या. जर्मनीत नाझींनी संघटनांवर बंदीच आणली.

तरी पत्त्यांची वही काही बंद झाली नाही. १९७४ पासून ‘पास्पोर्ता सेर्वो’ नावाची यादी निघते: परक्या पाहुण्याला फुकट झोपायला जागा देणाऱ्या घरांची. अट एकच, एस्पेरांतो बोलता आलं पाहिजे. जेवणाचं मात्र यजमानाच्या मर्जीवर.