मातीला गेलो, कारण विचारलं नाही

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर, जांबोटीकडं लावणीची घाई चालू आहे. अशाच एका लावणीला माझी आत्या माहेरी आली होती. रात्री सोप्यात चटईवर निजली आणि पहाटे पोट धरून उठली. पित्त असंल म्हणून आईनं कोकमाचं पाणी दिलं. पण तिच्या पापण्या मिटाय लागल्या, जीभ जड झाली. गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. नोंद करताना वडिलांनी कारण सांगितलं, पोटदुखी.

कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरांकडून मण्यारीच्या दंशाची लक्षणं ऐकली आणि अंगावर काटा आला. मण्यार रात्री अंथरुणात चावते. चावल्या जागी सूज नाही, वेदना नाही, कधी दाताची खूणही दिसत नाही. दुखतं ते पोट, आणि मिटतात त्या पापण्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन मण्यारीवरही चालतं, पण ते वेळेत मिळायला हवं.

घरोघरी जाऊन, घरच्यांना विचारून एक मोठा अभ्यास झाला. त्यातून दिसलं, की 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी 58 हजार माणसं दगावली. सरकारी आकडा यापेक्षा फार कमी होता, कारण आमच्या आत्यासारखी माणसं त्यात नव्हतीच. 2024 साली कर्नाटकानं सर्पदंशाची नोंद सक्तीची केली, हे फार चांगलं झालं.

आता मृत्युदराचं बघा. हजार लोकांमागं वर्षाला किती माणसं गेली, तो मृत्युदर. देशाचा तो साधारण सहा आहे, म्हणजे पाच हजारांच्या गावात वर्षाला तीसेक मयत. तुमच्या गावात जास्त झाले तर लगेच घाबरू नका. पोरं पुण्याला, गोव्याला गेली आणि गावात म्हातारीच माणसं उरली, की दर आपोआप चढतो. गावाला खरं काय झालंय ते आकड्यावरून नाही, कारणांवरून कळतं. निपाणीकडं विड्या वळणारी बाई खोकून खोकून गेली आणि नोंदीत 'वृद्धापकाळ' लागलं, तर तिथल्या फुप्फुसांची तपासणी कोण करणार?

हातात मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापलेलं नसतं, म्हणून आपण ते मनावर घेत नाही. दाखला कन्नडात असतो, तेव्हा आपलं लक्ष नाव बरोबर आहे का एवढ्यावरच. तेही बघायलाच हवं. पण कारण आतल्या फॉर्मवर जातं आणि तिथूनच मोजलं जातं.

नोंद 21 दिवसांत करायची. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरांनी बघितलं, त्यांच्याकडून कारणाचा दाखला मागून घ्या. त्याला फी नाही. आणि डॉक्टर गाठता आले नसतील, तर पंचायतीत किंवा तलाठ्याकडं एका शब्दात उत्तर देऊन उठू नका. ताप किती दिवस होता, धाप कधीपासून लागायची, माणूस कुठं निजलं होतं, पापण्या मिटत होत्या का, सगळं सांगा.