लिंटेलला खाच हवी का?

‘घर पाहावं बांधून’ ही म्हण आज कुणीतरी काढणारच, म्हणून ती आधीच उरकून टाकतो आणि चित्रपटाकडे वळतो. ‘मिस्टर ब्लँडिंग्ज बिल्ड्स हिज ड्रीम हाऊस’ १९४८ साली आला. दिग्दर्शक एच. सी. पॉटर, मुख्य भूमिकांत कॅरी ग्रँट, मर्ना लॉय आणि मेल्विन डग्लस. न्यूयॉर्कच्या अडचणीच्या फ्लॅटला कंटाळलेला, जाहिरात कंपनीतला जिम ब्लँडिंग्ज कनेक्टिकटमध्ये जुनं घर विकत घेतो, ते पाडावं लागतं, आणि नवं बांधता बांधता पैसा पाण्यासारखा जातो. गोष्ट एवढीच. मूळ कादंबरी एरिक हॉजिन्स यांची, १९४६ची. कनेक्टिकटमध्ये स्वतः घर बांधून पोळल्यावर लिहिलेली. त्यामुळे इथले विनोद घसरून पडण्याचे नाहीत. बहुतेक प्रत्येक विनोदाच्या मुळाशी बांधकामातली एक खरीखुरी चूक आहे.

सुतार येऊन विचारतो ते आठवा. दुसऱ्या मजल्यावरच्या, लॅली खांबांमधल्या लिंटेलना, म्हणजे वरचा भार पेलणाऱ्या आडव्या तुळयांना, खाच मारायची की नाही? जिमला प्रश्नातला एक शब्द कळलेला नाही. पण मालकाने अडाणी दिसून कसं चालेल? तो म्हणतो, नको. लगेच सुतार वर ओरडतो की खाचेची बसवली असतील तर उखडून काढा!

खाच म्हणजे लाकडाच्या कडेला लांबीभर काढलेला काटकोनी कट. त्यात चौकट किंवा फळी बसते आणि दर्शनी भाग एका पातळीत येतो. लॅली खांब म्हणजे काँक्रीट भरलेली पोलादी नळी. तिची नेहमीची जागा तळघरात, मुख्य तुळईखाली. त्यामुळे दुसऱ्या मजल्यावर लॅली खांब हे ऐकून जाणकार सुतार गालातल्या गालात हसेल. पटकथाकारांनी कानाला भारदस्त वाटणारे शब्द एकत्र गुंफलेत. पण प्रसंग शंभर टक्के खरा आहे. प्रश्न विचारला जातो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. अशा वेळी ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणण्याआधी दोनच गोष्टी विचारायच्या: नकाशात काय दाखवलंय, आणि आत्तापर्यंत किती बसवलीत?

आता पाणी. या चित्रपटातला तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात सरस विनोद हा आहे. विहिरीसाठी बोअर मारत २२७ फुटांवर गेल्यावर पाणी लागतं. इकडे तळघर खणणाऱ्याला ते सहा फुटांवरच लागतं. जिम विचारतो, असं कसं? प्रेक्षक हसतात, पण कनेक्टिकटच्या जमिनीत हे अगदी रास्त आहे. तिथे हिमनद्यांनी आणून टाकलेली माती, वाळू आणि गोट्यांचा थर वर, खाली नाईस आणि शिस्ट या कठीण खडकांचा कातळ. पावसाचं पाणी वरच्या थरातून झिरपतं, कातळावर अडतं आणि उथळ खड्ड्यात वर येतं. कातळ स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं त्याच्या भेगांत. भेग सापडेपर्यंत बोअर खाली जात राहतो. शिवाय बोअरचं वरचं पाणी मुद्दाम अडवतात. पोलादी केसिंग, म्हणजे बोअरच्या आतली नळी, कातळात घट्ट बसवतात, कारण उथळ पाण्यात शोषखड्ड्याची घाण उतरायची भीती असते. म्हणजे सहा फुटांवरचं पाणी तळघर बुडवायला पुरेसं, प्यायला नालायक.

त्याच खड्ड्यात आधी दगड लागलेला असतो. जिमला तो सुटा धोंडा वाटतो, निघतो अखंड कातळ. धोंडा यंत्राने उचलता येतो, कातळाला सुरुंग लागतो. हे आधी कळण्यासाठी घराच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर, पायाच्या तळापेक्षा खोल चाचणीखड्डे घ्यायचे. एकाच खड्ड्यात टणक लागलं तर बहुधा धोंडा. पाचही ठिकाणी लागलं तर तळघराचा नाद सोडायचा किंवा घर सरकवायचं.

रंगाचा प्रसंग सगळ्यांना पाठ असतो. जिमची बायको म्युरिएल रंगाऱ्यांना एकेका खोलीची छटा फुलं, फळं, लोणी यांची उदाहरणं देत समजावते. ती वळल्यावर रंगारी उजळणी करतो: लाल, हिरवा, निळा, पिवळा, पांढरा. सगळे रंगाऱ्याला हसतात. माझ्या मते चूक म्युरिएलची आहे. शब्दांतून छटा पोचत नाही. दोन फूट चौरस फळीवर दोन हात देऊन, वाळवून, त्याच खोलीत सकाळी आणि दिव्याच्या उजेडात पाहायची. पांढऱ्यातही गेरूची किंवा पिवळ्या मातीची छटा ऊब आणते, काळा किंवा निळा थंडी. त्या काळचे जवसाच्या तेलातले पांढरे रंग तर अंधाऱ्या कोपऱ्यात पिवळे पडत. म्युरिएलचा पांढरा बरोबर लागला असता तरी कपाटामागे टिकला नसता.

मग म्युरिएलची फुलं सजवायची छोटी खोली. उरलेल्या चार दगडी फरश्या वाया जाऊ नयेत म्हणून ती कंत्राटदाराला सहज सुचवते, त्या इथे लावाल का? बिलात ‘कपाटातील बदल’ अशी ओळ येते आणि पुढे १,२४७ डॉलर. हिशेब करून पाहू. दीड इंच फरशी दर चौरस फुटाला सुमारे २० पौंड भरते, खालचा तीन इंच सिमेंटचा मसाला आणखी ३५. लाकडी जमीन वाशांसकट १० पौंडांच्या आसपास. वजन पाचपट झालं. त्यात फरशी शेजारच्या जमिनीशी लेव्हल यायची तर वासे खाली घ्यायचे किंवा वरून कापायचे. दहा इंच उंचीचा वासा तीन इंच कापला की ताकद निम्म्याहून कमी उरते, कारण ती उंचीच्या वर्गावर अवलंबून असते. मग जोडवासे किंवा पोलादी पट्ट्या आल्या, आणि त्या वाटेत जे नळ व वायरी असतील त्या हलवणं आलं. कुणीही फसवलेलं नाही. फक्त काम सुरू करण्याआधी लेखी भाव कुणी मागितला नाही.

शेवटी बोअरवाला परत येतो तो जिमकडून चुकून जास्त घेतलेले १२ डॉलर ३६ सेंट परत करायला. पैसे परत द्यायला येतो तो नेमका बोअरवालाच, हे मला फार आवडतं. त्याचं काम फुटावर मोजलं जातं. किती फूट, फुटाला किती, एक गुणाकार. चूक झाली तर सापडते.