पासवर्ड खुर्चीचा की माणसाचा?

(विद्यापीठ व संलग्न महाविद्यालयांतील परीक्षा विभाग, ग्रंथालय, आस्थापना आणि संगणक केंद्रातील कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, पासवर्डवरचं व्याख्यान म्हटलं की लोक समजतात आता मोठं अक्षर, छोटं अक्षर, आकडा आणि एक चिन्ह यांचं पारायण होणार. ते थोडंसं होईल, पण मागाहून. आधी एक साधा प्रश्न. तुमच्याकडे बदली झाली किंवा कोणी निवृत्त झालं की चार्ज देण्या-घेण्याची यादी होते. कपाटांच्या किल्ल्या, डेडस्टॉक रजिस्टर (कार्यालयाच्या कायमच्या वस्तूंची नोंदवही), आवक-जावक, शिक्के. त्या यादीत लॉगिनं असतात का? बहुतेक ठिकाणी नसतात. ती तोंडी सांगितली जातात, किंवा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवरून वारसाहक्काने मिळतात.

विद्यापीठातला निम्मा घोळ इथून सुरू होतो. आपल्याकडे काही खाती माणसाची असतात आणि काही खुर्चीची. विद्यार्थ्याचा ईमेल माणसाचा. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचं प्राचार्यांचं लॉगिन खुर्चीचं. आपण वापरताना नेमकी अदलाबदल करतो. खुर्चीचं खातं एखाद्या सरांच्या खासगी ईमेलवर आणि मोबाइलवर उघडतो, आणि माणसाचं खातं चौघांत वाटून घेतो.

एकच खातं अनेकांनी वापरण्याचं फार जुनं उदाहरण आहे. साठच्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात सीटीएसएस नावाची संगणकप्रणाली होती. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करायचं, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड. संगणकावरच्या पासवर्डची सुरुवात साधारण तिथलीच. एके दिवशी लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी उमटू लागली. कारण पाहा. व्यवस्थापकांच्या एकाच खात्यावर दोघे जण एकाच वेळी काम करत होते. एक जण सूचनेची फाइल सुधारत होता, दुसरा पासवर्डची. संपादनाचा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलला नेहमी एकच ठरलेलं नाव द्यायचा, कारण एका खात्यावर एका वेळी एकच माणूस असणार असं गृहीत धरलं होतं. दोन फाइलींची अदलाबदल झाली. पासवर्ड जसेच्या तसे लिहून ठेवले होते ही एक चूक, आणि खातं सामायिक होतं ही दुसरी. आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सर्व विद्यार्थ्यांचे लॉगिन पासवर्ड’ अशी एक्सेल शीट जेव्हा येते, तेव्हा आपण ती यादी स्वतःच्या हाताने पडद्यावर लावत असतो.

सामायिक खात्याचा खरा तोटा चोरी होईल हा नाही, तो हिशेबाचा आहे. गुण भरण्याच्या प्रणालीत एक नोंद दिसते समजा: वापरकर्ता ‘परीक्षा1’, वेळ 11:42, जुने गुण 38, नवे गुण 40. उत्तीर्ण व्हायला 40 लागतात. आता हा बदल पुनर्मूल्यांकनाच्या रीतसर आदेशाने झाला की कोणाच्या सांगण्यावरून, हे त्या ओळीवरून कळत नाही, कारण ‘परीक्षा1’चा पासवर्ड पाच जणांना ठाऊक. चौकशी लागली तर पाचही जण अडकतात, आणि ज्याने काही केलेलं नाही त्याला ते सिद्ध करायला काहीच साधन उरत नाही. म्हणून प्रत्येक लिपिकाला स्वतःच्या नावाचं खातं हवं, आणि जो गुण भरतो त्याच्याच खात्यातून ते अंतिम होता कामा नयेत. भरणारा एक, तपासून मान्य करणारा दुसरा. ही पद्धत बँकेत रुळलेली आहे. परीक्षा विभागात ती आणायला ‘गर्दीच्या दिवसांत कसं जमणार’ असा विरोध होतो. गर्दीच्या दिवसांतच ती लागते.

या नोंदी म्हणजे लॉग किती दिवस जपायचे? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत 180 दिवस सांगितले आहेत, आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवायलाही सांगितलं आहे. माझ्या मते परीक्षेच्या नोंदींना 180 दिवस तोकडे आहेत. निकाल, पुनर्मूल्यांकन, तक्रार, चौकशी समिती यांत वर्ष सहज निघून जातं. किमान दोन वर्षं ठेवा. मजकुराच्या फाइली आहेत, जागा फारशी खात नाहीत.

आता विद्यार्थ्यांकडे येऊ. जुलैमध्ये प्रवेश होतात, हजारो खाती एकदम उघडायची असतात, आणि सोय म्हणून वापरकर्त्याचं नाव पीआरएन (विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक) आणि पहिला पासवर्ड जन्मतारीख असं ठरवलं जातं. यातलं गणित करून बघा. पीआरएन एकापुढे एक असतात, म्हणजे नावं शोधायची गरजच नाही. पदवीची मुलं बहुतेक चार वर्षांच्या अंतरात जन्मलेली. चार वर्षांचे दिवस 1,461. तुम्ही म्हणाल, पाच वेळा चुकलं की आमचं खातं बंद होतं. चोर एका खात्यावर पाच तारखा लावत बसतच नाही. तो एकच तारीख घेतो आणि वीस हजार खात्यांवर एकेकदा लावतो. 20,000 भागिले 1,461, म्हणजे मुलांनी पासवर्ड बदललेला नसेल तर सरासरी तेरा-चौदा खाती उघडतात आणि बाकीच्या प्रत्येक खात्यावर फक्त एक चूक नोंदली जाते. कुलूप एकदाही लागत नाही. हे पकडायचं तर खातेनिहाय चुका मोजून भागत नाही; इंटरनेटवरच्या एका पत्त्यावरून (आयपी) दहा मिनिटांत किती वेगवेगळ्या खात्यांवर अपयशी प्रयत्न आले, हे मोजावं लागतं.

उपाय असा की पहिला पासवर्ड द्यायचाच नाही. प्रवेश अर्जात पडताळलेल्या मोबाइल किंवा ईमेलवर एकदाच चालणारी, 24 तासांत संपणारी लिंक पाठवायची आणि मुलाने स्वतःचा पासवर्ड ठरवायचा. विसरल्यावर विचारायच्या सुरक्षा प्रश्नांचंही तसंच. ‘आईचे नाव काय?’ हा प्रश्न इंग्रजी फॉर्मांवरून उचललेला आहे. तिकडे आईचं माहेरचं आडनाव विचारतात, ते सहसा कागदावर नसतं. आपल्याकडे आईचं नाव दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरच छापलेलं असतं आणि त्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्स गावभर. हा प्रश्न काढून टाका.

मग विसरलेला पासवर्ड कसा द्यायचा? मुलगा समोर आला तर ओळखपत्र पाहून. दूरशिक्षणाचा असेल आणि फोन आला, तर त्याच फोनवर काहीही सांगायचं नाही. फोन ठेवायचा आणि प्रवेशाच्या नोंदीत जो क्रमांक आहे त्यावर आपण उलट फोन लावायचा. दोन मिनिटं जास्त लागतात. ‘मॅडम, उद्या फॉर्मची शेवटची तारीख आहे’ हे वाक्य खरं असो वा खोटं, क्रम बदलायचा नाही. आणि मुलांना सांगा की मोबाइल क्रमांक बदलला तर तो नोंदीतही बदला. बंद पडलेला क्रमांक 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि मग तुमचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो.

आता ते पारायण. दर 90 दिवसांनी पासवर्ड बदला, त्यात चिन्ह हवं, आकडा हवा, या सवयीचं मूळ बरंचसं अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या 2003 च्या मार्गदर्शिकेत आहे. त्याच संस्थेने 2017 मध्ये ही भूमिका सोडली. कारण लोक काय करतात ते तुम्हाला माहीत आहे: कॉलेजचं नाव, ॲट, 123. सक्तीने बदलायला लावलं की 124. चोराकडच्या यादीत हे पहिल्या पानावर असतं. निस्टच्या 2025 च्या आवृत्तीनुसार नुसता पासवर्डच असेल तर किमान 15 अक्षरं हवीत. सोबत दुसरी पडताळणी असेल तर 8 चालतात. ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, पण फुटल्याचा पुरावा मिळाला तर लगेच बदला, आणि नवा पासवर्ड फुटलेल्या पासवर्डांच्या यादीशी ताडून बघा.

15 अक्षरं लक्षात कशी ठेवायची? चार शब्द घ्या: फणस, तिकीट, ओसरी, कोयता. पण हे शब्द मनाने सुचलेले नकोत. मनाने सुचवायला सांगितलं की निम्मा महाराष्ट्र गणपतीबाप्पामोरया लिहितो आणि उरलेला जयभवानी. हजार साध्या शब्दांची यादी करा आणि चिठ्ठ्या टाकून चार काढा. हजाराचा चौथा घात म्हणजे एक लाख कोटी शक्यता. जन्मतारखेच्या 1,461 शी तुलना करा. शब्द मराठी, पण टाइप रोमन लिपीत करा. देवनागरीत काही अक्षरं दिसायला एकच, पण संगणकाच्या लेखी दोन प्रकारे लिहिता येतात. एका कीबोर्डवर चालणारा पासवर्ड दुसरीकडे नाकारला जातो, आणि परीक्षा केंद्रातल्या संगणकावर मराठी कीबोर्ड असेलच असं नाही. तुमच्या संगणक केंद्राने पासवर्डच्या रकान्यात पेस्ट करायला बंदी घातली असेल तर ती उठवा. तिच्यामुळे पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप, वापरणाऱ्याचीच अडचण होते.

मदत कक्षाकडे येणाऱ्या एका तक्रारीबद्दल जरा सविस्तर बोलतो. ‘पासवर्ड बरोबर आहे तरी खातं सारखं लॉक होतं.’ बहुतेक वेळा गुन्हेगार खिशातला मोबाइल असतो. कॅम्पसच्या वाय-फायला किंवा एज्युरोमला (अनेक विद्यापीठांत चालणाऱ्या सामायिक वाय-फायला) तेच विद्यापीठाचं लॉगिन असतं. माणूस कचेरीतल्या संगणकावर पासवर्ड बदलतो. मोबाइल, टॅब आणि घरचा लॅपटॉप मात्र जुना पासवर्ड घेऊन दर काही सेकंदांनी दार ठोठावत राहतात. पाच चुका मिनिटाभरात भरतात आणि खातं बंद. मदत कक्ष कुलूप काढतो, मिनिटाने ते पुन्हा लागतं. क्रम असा हवा: आधी सगळ्या उपकरणांचं वाय-फाय बंद, मग एकाच ठिकाणाहून पासवर्ड बदलायचा, मग प्रत्येक उपकरणात ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने जोडायचं. जोडताना प्रमाणपत्र (नेटवर्क खरं असल्याचा डिजिटल दाखला) तपासू नका असा पर्याय जुन्या अँड्रॉइडवर दिसायचा आणि लोक तोच निवडायचे. त्याचा अर्थ, त्याच नावाचं खोटं वाय-फाय कोणी शेजारच्या चहाच्या टपरीवर उभं केलं तर तुमचा मोबाइल त्यालाही तुमची ओळख द्यायला निघतो. अँड्रॉइड 11 च्या डिसेंबर 2020 च्या सुधारणेपासून तो पर्याय गेला. त्यानंतर ‘डोमेन (संस्थेचं इंटरनेटवरचं नाव) टाका’ असं विचारलं की मुलं गोंधळतात, म्हणून डोमेनचं नाव वाय-फायच्या सूचनाफलकावर ठळक छापा.

दुसऱ्या पडताळणीबद्दल. एसएमएसचा ओटीपी काही नसण्यापेक्षा बरा. ॲपमधला सहा आकडी, दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड त्याहून बरा. तो चालत नसेल तर आधी मोबाइलचं घड्याळ बघा, वेळ हाताने पुढे-मागे केली असेल तर कोड जुळत नाही. पण हे दोन्ही खोट्या पानावर टाइप करता येतात आणि पलीकडचा माणूस ते त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरतो. पासकी (मोबाइल किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा-कळ (यूएसबीसारखी छोटी वस्तू) खऱ्या डोमेनशी बांधलेली असते, खोट्या पानावर ती उत्तरच देत नाही. सगळ्यांना ती देणं परवडत नसेल तर निदान प्रणाली प्रशासक, परीक्षा नियंत्रक आणि लेखा विभाग, एवढ्यांना द्या.

खुर्चीच्या खात्याचं काय करायचं? ‘सर, ओटीपी आलाय, सांगा ना’ हा फोन प्राचार्य बैठकीत असताना रोज जातो. पोर्टल दुय्यम वापरकर्ता देत असेल तर लिपिकाला तो घ्या. देत नसेल तर खातं पदाच्या ईमेलवर आणि महाविद्यालयाच्या नावाने घेतलेल्या सिमवर काढा. ते सिम डेडस्टॉकला नोंदवा. ओटीपी कोणी, कधी, कशासाठी घेतला याची एक वही ठेवा. गुगलच्या खात्याला दहा आठ-आकडी बॅकअप कोड मिळतात; ते छापून सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या घेऊन तिजोरीत ठेवा. प्रश्नपत्रिकांची पाकिटं कशी हाताळायची हे आपल्याला शिकवावं लागत नाही, हेही तसंच.

कार्यमुक्त होणाऱ्या माणसाचं खातं त्याच दिवशी निलंबित करा, मिटवू नका. नुसता पासवर्ड बदलून पुरत नाही: जोडलेली ॲप्स आणि मेल बाहेर वळवणारा नियम जागेवरच राहू शकतात. ते काढा, सगळीकडे उघडी राहिलेली लॉगिनं बंद करा, ड्राइव्हवरच्या फाइलींची मालकी विभागप्रमुखाकडे द्या, मगच पुढे काय ते ठरवा. गुगल वर्कस्पेसमध्ये मिटवलेला वापरकर्ता 20 दिवसांपर्यंतच परत आणता येतो. विभागाचा प्रवेशाचा गुगल फॉर्म गेलेल्या सरांच्या नावावर होता हे बहुधा एकविसाव्या दिवशी कळतं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना हा नियम जसाच्या तसा लावू नका. त्यांची नेमणूक सत्राअखेर संपते, पुढच्या सत्रात तेच परत येतात, आणि मधल्या काळात गुण भरायचे राहिलेले असतात. त्यांच्या खात्याला नेमणुकीच्या आदेशातली शेवटची तारीख अधिक 60 दिवस अशी मुदत आधीच घालून ठेवा.

संशोधकांची गोष्ट वेगळी. शोधनिबंधावर छापलेला ईमेल माणूस गेल्यावरही वर्षानुवर्षं वाचला जातो, म्हणून निदान वर्षभर मेल पुढे पाठवण्याची सोय द्या. पीएचडीच्या विद्यार्थ्यांना सांगा की ऑर्किडच्या (संशोधकाला कायमचा ओळख क्रमांक देणाऱ्या सेवेच्या) खात्याला विद्यापीठाच्या ईमेलबरोबर स्वतःचा खासगी ईमेलही आजच जोडा. पदवी मिळाल्यावर पासवर्ड विसरला तर तो परत मिळवायची वाट बंद झालेल्या मेलपेटीत जाते.

आणि ज्यांनी चार्जची यादी आजच करायला घेतली असेल त्यांच्यासाठी पहिली ओळ सांगतो: महाविद्यालयाचं डोमेन. शेवटी एसी डॉट इन असलेली नावं अर्नेट ही सरकारी संस्था देते आणि त्यांचं ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावं लागतं. ती आठवण कोणत्या ईमेलवर जाते ते आज संध्याकाळपर्यंत बघा. सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या सरांच्या खासगी पत्त्यावर जात असेल, तर वेबसाइट, सगळ्यांचे ईमेल आणि त्या ईमेलवर पासवर्ड परत मिळवणारं प्रत्येक खातं त्या एका न वाचलेल्या पत्रावर अवलंबून आहे.